केसपेपरावरील खोटी नोंद दुरुस्त होऊन माझी तारीख चंद्रव्वा हिला मिळणेबाबत

सोलापूर,
दि. १३ सप्टेंबर १९७६

प्रति,
मा. दंतवैद्यकीय अधिकारी,
सरकारी दवाखाना, सोलापूर.

विषय : हिरड्यांच्या शस्त्रक्रियेची माझी तारीख रद्द करणेबाबत.
संदर्भ : केसपेपर क्र. ११८, दि. १२ ऑगस्ट १९७६.

महोदय,

मी, सोजरबाई महिपती गावडे, वय ६४, निवृत्त गिरणी कामगार, विनंतीपूर्वक कळविते की,

१. माझ्या हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडली आहेत. भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय खाता येत नाही. टाळूचे कातडे काढून हिरडीवर शिवण्यासाठी आपण मला या महिन्याची २३ तारीख दिली आहे. तंबाखू असेल तर ते कातडे धरत नाही, म्हणून आपण मला मिशरीबद्दल विचारले. मी "कधीच नाही" असे सांगितले. ते खोटे आहे. मी एकेचाळीस वर्षे मिशरी लावते. सून शालन शेजारी उभी होती आणि तिच्या लेखी मी सात वर्षांपूर्वी मिशरी सोडली आहे. माझी डबी ज्वारीच्या पिठात लपवलेली असते.

२. मग दात कशाने घासता, यावर मी काडीने असे सांगितले. त्या उत्तरावरून आपण दोष कडुलिंबाच्या काडीला दिलात आणि रांगेतील बायकांना काडी वापरू नका असे बजावलेत. आमच्या गल्लीतील चार घरांनी काडी सोडली आहे. लिंबाचा यात काहीही अपराध नाही.

३. माझ्यामागे रांगेत चंद्रव्वा होती, तिच्याही हिरड्यांची हीच गत. आम्ही गिरणीत रिळिंग खात्यात एकत्र होतो. मिशरी मी घरी तव्यावर भाजून नेत असे आणि सुट्टीत डबी फिरे. वडीलधारीचे बोट आधी बुडायचे, मग बाकीच्यांचे, असा आमचा रिवाज होता. मी सातवी पास, म्हणून सगळ्यांचे रजेचे अर्जही मीच लिही. चंद्रव्वा चौदा वर्षांची असताना तिची दाढ ठणकू लागली, तेव्हा रजा मिळेना म्हणून पहिली मिशरी तिच्या हिरडीला मी माझ्या बोटाने लावली. डबीही मीच दिली. दवाखान्यात ओळख पटताच तिने तीच डबी उघडून आधी माझ्यापुढे धरली. शालन चिठ्ठी काढायला गेली होती. मी बोट बुडवले, नळावर चूळ भरली आणि आपल्यासमोर येऊन खोटे बोलले.

४. चंद्रव्वाने खरे सांगितले. आपण तिला रागावलात, "त्या आजींकडे बघा, तंबाखूला शिवल्या नाहीत" असे सर्वांसमोर म्हणालात, आणि ही सवय कोणी लावली ते विचारलेत. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "कोण लावतंय सायब, माझी मीच लावली." आपण तिला मिशरी सोडून या म्हणून परत पाठवलेत. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "अक्का, तुमचं काम झालं की. लई ग्वाड झालं." आणि डबी माझ्या हातात ठेवून गेली. त्या दिवसापासून तिने मिशरीला हात लावलेला नाही, हे मी तिच्या गल्लीत विचारून आले. मी लावला आहे, आज सकाळीही.

तरी माझी नोंद दुरुस्त करून २३ तारीख चंद्रव्वा हिला द्यावी. तसेच त्या दिवशी जेवढ्या मोठ्या आवाजात माझे कौतुक झाले, तेवढ्याच मोठ्या आवाजात हा अर्ज रांगेसमोर वाचून दाखवावा. मी शालनला बरोबर घेऊन येईन. दुसऱ्यांचे अर्ज पुष्कळ लिहिले, त्यांत आजारपणाची कारणेही बरीच खोटी घातली. स्वतःसाठी हा पहिलाच. यातले सर्व खरे आहे.

खाली मान घालून, आपली,
सोजरबाई महिपती गावडे

सोबत :
१) माझा केसपेपर.
२) मिशरीच्या डब्या दोन. चंद्रव्वाची भरलेली आहे, तिने दिली तशी. माझीत थोडी शिल्लक आहे. ओतून टाकायला हात धजला नाही, तरी ती आपण टाकावी.