चौदा फुटांची वाट

३ जून

शिंप्याच्या गाडीला पुन्हा ओरखडा. महिन्यातला तिसरा.

आमच्या दोन घरांमधली वाट सामाईक – चौदा फूट रुंद. आम्ही गाडी मागे लावतो. तो मध्येच, आपल्या कामाच्या खोलीच्या दाराशी. कापडाचे गठ्ठे उचलायचे कष्ट वाचतात ना! बाबांना मात्र रोज सुईत दोरा ओवावा तशी गाडी काढावी लागते.

बाबा म्हणाले, "तिरकी लावतो. माझ्याकडे शिकायला यायचा तेव्हाही तिरकीच लावायचा."

बाबांनी पस्तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिंपी त्यांचाच विद्यार्थी. परीक्षेत दोनदा नापास! आणि हा माणूस आमच्यावर आळ घेणार.

४ जून

आळ घेतला नाही. म्हणजे अजून नाही. फाटकाशी गाठून घुटमळला. "ताई, सर हल्ली घाईत असतात का?"

घाईत! बाबांना घाई असते ती फक्त चहाची.

म्हटलं, "तुम्ही गाडी सरळ लावा, सगळ्यांची घाई संपेल."

"सरळच लावतो, ताई. सरांनीच शिकवलंय."

७ जून

शिंप्याने वाट मोजली – गळ्यातल्या फितीने! गुडघे टेकून, जणू वाटेला पायजमा शिवायचाय. मग कापडावर आखायच्या खडूने रेघ मारली. त्याची गाडी रेघेच्या आत. बाहेर आठ फूट मोकळे. आमची गाडी आरशांसकट सहा. दोन्हीकडे फूट फूट.

"एवढी ढिलाई पुरते, ताई."

ढिलाई! त्याच्या बायकोने खिडकीत हसू दाबलं. मीही दाबलं असतं, पण सध्या आमचं वैर चालू आहे.

८ जून

झाडांना पाणी घालताना रेघ पुसली गेली. पाइप माझ्या हातात होता. चुकून.

९ जून

चौथा ओरखडा. बाबा माझ्यावरच उखडले. "रेघ ठेवली असतीस तर नीट लावली असती त्याने!"

१२ जून

आता तो तक्रार करणार. पुढच्या महिन्यात बाबांचा परवाना नव्याने काढायचाय. शेजाऱ्याचा एक कागद त्या कचेरीत गेला की संपलं.

आई गेल्यापासून बाबांकडे उरलंय ते एवढंच. नऊला गाडी काढायची, गावाला एक फेरी मारायची, परत यायचं. तेही गेलं तर खिडकीजवळची खुर्ची. रोज, संध्याकाळपर्यंत. मला गाडी येते – त्यांनीच शिकवली – पण बाबा असताना चावीला हात कोण लावणार? मी बसने जाते.

म्हणून आधी आपणच वार करायचा. छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढते, ती कला घरी का वाया घालवावी? अकरा कलमांचा करार लिहिला. एक स्वल्पविराम सापडणार नाही जादाचा.

१५ जून

वाटाघाटी शिंप्याच्या खोलीत. भिंतीवर अर्धवट शिवलेले कोट टांगलेले. बिनडोक्याचे, तरी यजमानापेक्षा समंजस वाटले. बाबा ताठ बसले होते. मी वाचायला लागले. कलम चार: शिंप्याने यापुढे गाडी बाहेर रस्त्यावर लावावी.

पदर खोचून भांडायच्या तयारीने गेले होते. आठ मुद्दे पाठ.

"चालेल," तो म्हणाला.

कलम पाच. "चालेल." सहा. "चालेल."

बायको ओरडली, "अहो, वाचा तरी! घर लिहून घेतील!"

"वाचायचं काय त्यात? सरांना सोपं जाईल ना आता?"

सही केली. विजय इतका फुकट मिळाला की राग आला. शरण येताना माणसाने निदान थोडी कुरकुर करावी! आठही मुद्दे तसेच घरी घेऊन आले.

१६ जून

सकाळी शिंप्याची बायको रस्त्यावरून गठ्ठे वाहत होती, दोन्ही काखांत एकेक. मला बघून थांबली.

"या की ताई, एक घ्या. बारावं कलम समजा."

मी बस चुकेल म्हणून सटकले. बसला अजून वीस मिनिटं होती.

१८ जून

नऊ वाजता वाट रिकामी. चौदाच्या चौदा फूट. मी पायरीवर उभी, जिंकलेल्या थाटात. बाबांनी गाडी सावकाश आणली आणि फाटकाच्या शिंप्याकडच्या खांबावर घातली. ब्रेक लागला तो आवाजानंतर.

शिंपी धावत आला. खांबाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. बाबांच्या खिडकीशी वाकला. "खांबच जरा पुढे आलाय, सर. मागे घ्यायला हवा."

बाबा स्टिअरिंग धरून बसून राहिले. मग शेजारच्या सीटवर सरकले – पस्तीस वर्षं जिथे बसून शिकवलं तिथे.

"ये," मला म्हणाले. "आधी आरसे नीट कर."