जावयाच्या यंत्राखाली आमचे पोट

सावदा,
माघ वद्य पंचमी, शके १८५५

राजमान्य राजश्री व्याही भाईदास आबा, मुक्काम धुळे, यांस जीवराम कौतिक याचा आदरपूर्वक रामराम. आपला गुडघा, विहीणबाईंचा खोकला आणि आमची कुंदा यांचे वर्तमान कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो.

दिवाळीपासून आमचे पोट बिघडले. जामनेरच्या वना वैद्याने कुड्याच्या सालीचा काढा दिला. वैद्य भला असेल. परंतु जो मनुष्य स्वतःचा काढा स्वतः कधी पीत नाही, त्याचा काढा आम्ही एकदम का प्यावा? आमच्या डाव्या बैलासही केळीची पाने खाऊन हगवण लागली होती. सबब काढा प्रथम त्यास पाजला. (बैल खोटे बोलत नाही, आणि वैद्याच्या ओळखीचाही नाही.) बैल सुधारला. तरीही आमचा संशय गेला नाही, कारण बैलास मानवला तो काढा मुळात बैलांसाठीच केलेला नसेल कशावरून? आमच्या कुटुंबाने, मंजुळाबाईंनी, चुलीपाशी बसून विचारले, "बैलाले गुन आला, आता तुमाले कव्हा यीन?" आम्ही बैलास पाणी दाखवावयास उठलो.

इतक्यात आपले सुपुत्र व आमचे जावई, डॉक्टर पितांबरराव, संक्रांतीस आले. त्यांनी सांगितले की मनुष्याच्या पोटात डोळ्यांस न दिसणारे असंख्य जंतू राहतात, काही घातक, काही उपकारी. आणि कुड्याची साल वाईटांना हुसकून चांगल्यांना राहू देते की काय, हे त्यांना यंत्रातून पाहावयाचे आहे. आम्ही मराठी चौथी इयत्ता पहिल्या प्रतीत उत्तीर्ण आहोत. जंतू असतात हे मान्य करतो. परंतु आमच्या पोटात आमच्या परवानगीशिवाय कोण राहतो, आणि एकादशीस तो उपास करतो किंवा कसे (न करीत असल्यास उपास मोडल्याचा दोष कोणाकडे?), हे पुस्तकात नाही असे जावई म्हणाले. चांगला जंतू कोणता व वाईट कोणता हे सालीस कोण सांगते, तेही नाही. अशा अर्धवट माहितीवर त्यांनी आमच्या हाती एक रिकामी बाटली दिली, आणि सकाळी तीत काय भरावे ते मान खाली घालून सांगितले.

आबा, ज्या जावयाचे पाय आम्ही मांडवात धुतले, त्यांच्या हाती ही वस्तू द्यावी? शिवाय असली वस्तू गावाबाहेर गेली की तिच्यावर कोण काय करणी करील याचा नेम नाही. नाही म्हणावे तर जावयाचा शब्द मोडतो. आम्ही विचारपूर्वक गोठ्यात गेलो. काढा डाव्या बैलानेच प्यालेला होता, तेव्हा काढ्यापुरते आम्ही कोणास फसविले नाही.

धुळ्याहून पितांबररावांचे उत्तर आले की असे पोट त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नाही. जंतूंची इतकी दाट व कष्टाळू वस्ती, की कडबासुद्धा पचवील. हा सर्व कुड्याचा प्रताप समजून येत्या रविवारी धुळ्याच्या डॉक्टरमंडळींच्या सभेत ते आमच्या नावानिशी निबंध वाचणार आहेत. गावात आमचे अभिनंदन झाले. (वना वैद्य मात्र आमच्याकडे पाहून हसला, गोठ्याची वार्ता त्यास कोणी दिली, याचा तपास चालू आहे.) काढा बैलानेच संपविला, आणि वैद्याकडे पुन्हा मागावयास तोंड उरले नाही. आमचे खरे पोट जसेच्या तसे आहे. धोतर सावरीत शेतातून घाईने परतणे या वयास शोभत नाही.

सभेत एखादा जनावरांचा डॉक्टर बसलेला निघाला, तर आपल्या मुलाचे नाव जाईल, आणि आमचे मागोमाग. सबब निबंध थांबवावा. कारण आपणास सुचेल ते सांगावे. आमचे सांगू नये.

आपला,
जीवराम कौतिक

ता. क. पत्र वाचून चुलीत घालावे. विहीणबाईंस दाखवू नये. त्या कुंदाला सांगतील.

दुसरा ता. क. पत्र आणणारा आमचा सालदार निंबा याजजवळ एक बाटली आहे. तिच्यावर 'डावा बैल' असे आम्ही स्वहस्ते लिहिले आहे. ती पितांबररावांस त्याच नावाने तपासावयास द्यावी, व जे औषध निघेल ते निंबाबरोबर पाठवावे. मात्रा माणसाची असावी. बैल वृद्ध आहे, आणि एकादशी पाळतो.