शनिवारची सुट्टी

बाई, आज रविवार आहे, मुलगी पोहायला गेली आहे आणि घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. शाळेच्या स्मरणिकेसाठी तीनशे शब्दांत आठवण मागितली आहे, सोबत फोटो. तीनशे शब्द मी परवाच देऊन टाकले. त्यात शाळेचं पटांगण आहे, स्नेहसंमेलन आहे आणि प्लॅस्टिकच्या कव्हरांखाली झाकलेले ते पहिले कॉम्प्युटर आहेत, ज्यांच्या खोलीत आम्ही चपला बाहेर काढून देवळात गेल्यासारखे जायचो. तुम्ही मात्र त्यात बसेनात. तुमच्याबद्दल लिहायचं तर निबंधाबद्दल लिहावं लागलं असतं, आणि तो स्मरणिकेत छापण्यासारखा नाही.

आमच्या शाळेला शनिवारी सुट्टी आणि रविवारी शाळा. बिबवेवाडीतल्या आमच्या चाळीत हे कुणालाच पटायचं नाही. शेजारच्या काकू दर रविवारी नेमाने विचारायच्या, "काय गं, शिक्षा झालीय का?" शाळा ज्यू लोकांची आहे आणि त्यांचा शनिवार पवित्र असतो, हे मी त्यांना सांगून सांगून थकले होते. आम्ही नागपूरकडचे. घरात बुद्धाची तसबीर, बाबा कारखान्यात, आई पोस्टात. त्या शाळेत कुणी आडनाव विचारून पुढचा हिशेब करत नाही, एवढं बाबांच्या एका मित्राने सांगितलं होतं आणि त्याच्यावर माझा प्रवेश झाला होता. शेकडो मुलांत तुमच्या समाजाची मुलं उरली होती चार. दोघी बहिणी आणि त्यांची दोन मावसभावंडं. बाकीच्यांची घरं एकेक करून इस्रायलला निघून गेली होती.

मी आठवीत असताना तुम्ही 'माझा सुट्टीचा दिवस' हा विषय दिलात. मी लिहिलं की बाबांच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी, मला शनिवारी आणि आईला रविवारी. शनिवारी मी दाराला आतून कडी लावून एकटी जेवते. रविवारी मी शाळेतून येते तेव्हा आईची सुट्टी संपत आलेली असते आणि ती उद्याच्या डब्याची भाजी निवडत असते. शेवटी लिहिलं, 'हे बघून माझ्या आईच्या डोळ्यांत अश्रू येतात.' दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलंत. तुमच्यासमोर माझी वही उघडी, चष्मा नाकाच्या टोकाला.

"आई खरंच रडते का गं?"

मी वहीतल्या त्या ओळीकडे बघितलं.

"रडते का?"

"नाही बाई."

"मग भाजी निवडताना काय करते?"

"गाणी ऐकते. रेडिओवर."

"मग हे अश्रू कुणाचे आणलेस? उसने?" तुम्ही लाल पेन माझ्यासमोर सरकवलंत. "खोड ते वाक्य. बाकी सगळं खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. पुन्हा असं केलंस तर वही खिडकीबाहेर जाईल." मी खोडलं. वही मात्र तुम्ही परत दिली नाहीत, आणि मला वाटलं आता मुख्याध्यापकांकडे जाणार.

तेव्हा शाळेत एक वेगळंच प्रकरण चाललं होतं, ते आम्हा मुलांना अर्धंमुर्धं कळत होतं. नवे पालक यायला लागले होते, सॉफ्टवेअरवाले. त्यांना शनिवार-रविवार सुट्टी. मुलांना रविवारी शाळा असेल तर आम्ही दुसरीकडे घालतो, असं ते स्पष्ट सांगत होते. विश्वस्तांमध्ये तुमचे थोरले भाऊ होते. ते म्हणत, एक वेळ शाळा बंद पडली तरी चालेल, शनिवार उघडणार नाही. सभा ठरली एका रविवारी, शाळा सुटल्यावर. आईला सुट्टी असल्यामुळे ती आली आणि मी तिच्याबरोबर सभागृहात मागच्या बाकावर बसले.

तुमचे भाऊ उभे राहिले. पांढरा शर्ट, हातात काठी. म्हणाले, "आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. दुसरी काही ओळख नव्हती आमच्याजवळ. तोच शनिवार तुम्ही आज मागताय." काही माना हलल्या. मलाही वाटलं, ते बरोबर बोलतायत. मग तुम्ही उठलात. सगळ्यांना वाटलं, बाई भावाचीच री ओढणार. तुम्ही पर्समधून माझी वही काढलीत आणि निबंध वाचायला सुरुवात केलीत. नाव न घेता, वर्गात धडा वाचावा तसा. गुरुवार, शनिवार, रविवार. दाराची कडी. भाजी. माझा हात आईने बाकाखाली पकडला. तिने ओळखलं होतं.

वाचून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "दादा, शनिवार आपण घरी पाळू. आपली चार मुलं आणि मी, आम्ही शनिवारी येणार नाही, तेवढी सवलत द्या. शाळा आपल्या आजोबांनी मुलांसाठी काढली, वारासाठी नाही काढली."

"आणि त्या चौघांचा शनिवारचा अभ्यास?"

"तो रविवारी माझ्या घरी."

हात वर झाले आणि ठराव झाला. तुमचे भाऊ काठी टेकत तुमच्यासमोरून निघून गेले, तुमच्याकडे न बघता. तुम्ही वही मिटून पर्समध्ये ठेवलीत, आणि पर्सची चेन काही केल्या लागेना. ते मी पाहिलं. बसमध्ये आई स्वारगेट गेल्यावर म्हणाली, "चांगलं लिहिलंस. रडते-बिडते असलं काही लिहिलं नाहीस ते बरं केलंस." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

जूनपासून शनिवारी शाळा भरू लागली. शनिवारी त्यांच्या-त्यांच्या वर्गांत काय झालं ते चौघांपर्यंत पोहोचवायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. त्यामुळे रविवारी सकाळी मी वह्या घेऊन रास्ता पेठेत तुमच्या घरी. बाबा म्हणायचे, "एवढी भांडून सुट्टी मिळवली आणि चालली बाईंकडे!" त्यांचा गुरुवार गुरुवारच राहिला होता, तरी ते हसायचे. दुपारी मी घरी आले की अख्खी दुपार आई आणि मी. सारसबागेत जायचो, नाहीतर नुसत्या झोपायचो.

तुमचं स्वयंपाकघर मला आजही डोळे मिटून दिसतं. टेबलावर मेणकापड, त्यावर आम्ही पाच जण, आणि तुम्ही ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून संधी सोडवून घेताय. कुणी चुकलं की पाठ न वळवता कळतं तुम्हाला. "'जगन्नाथ'ची अशी फोड करणारे महाशय कोण? त्यांनी पुढे येऊन नारळ खवावा." पावसाळा सरता सरता तुमचं ज्यूंचं नवं वर्ष जवळ आलं की गव्हाचा चीक निघायचा, नारळाचं दूध निघायचं आणि हलवा घोटायला घ्यायचा. हात दुखेपर्यंत घोटायचा. चौघं पळ काढायची, मी घोटत राहायचे. मला ते आवडायचं. पण भावाचं ताट तुम्ही त्या वर्षी पाठवलंत आणि ते तसंच परत आलं. तुम्ही झाकण काढून बघितलंत, पुन्हा लावलंत आणि म्हणालात, "चला, उपमेय-उपमान." मला कळत होतं हे कुणामुळे झालं. चौघांनाही ठाऊक नव्हतं की निबंध माझा.

दुसऱ्या वर्षी, मी दहावीत, असंच घोटणं चाललं होतं आणि दारात काठी वाजली. दादा. चौघं उठून उभी राहिली. तुम्ही पदराला हात पुसत बघत राहिलात. ते खुर्ची ओढून बसले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ही कोण?"

तुम्ही पटकन म्हणालात, "मदतीला येते. हुशार आहे."

मला काय झालं माहीत नाही. पळी हातातच होती. मी म्हणाले, "निबंध माझा होता, आजोबा."

दोघी बहिणींनी माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवतं. दादांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अक्षर कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं म्हणजे? वाचता येतं का लोकांना?"

"येतं."

"मग पळी तुझ्या बाईंकडे दे आणि वही घे. आपल्या शाळेची सुरुवात कशी झाली ते कुणी नीट लिहिलेलं नाही. मी सांगतो ते उतरवून घे. आणि मनाचं काही घालू नकोस."

"घालणार नाही ती," तुम्ही म्हणालात, आणि पळी घेऊन आमच्याकडे पाठ केलीत. तुमचे खांदे हलत होते. हसत होतात की काय, मी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी प्रार्थनामंदिराच्या पडवीतल्या पहिल्या वर्गापासून सुरुवात केली. रेल्वेत आणि पलटणीत कोकणातून आलेले बाप, पाटीला पैसे नाहीत म्हणून फरशीवर खडूने गिरवणारी मुलं, आणि पडवीत सावलीला बसता बसता वर्गात सामील झालेली शेजारची इतर मुलं. पुढचे कितीतरी रविवार ते येत राहिले. हलव्याच्या वड्या खायचे आणि माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला नावं ठेवायचे. त्या दोघी बहिणी दोन रविवार माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या रविवारी बोलल्या.

दादांचा तो मजकूरच आता स्मरणिकेत पहिल्या पानावर जाणार आहे. मी कॉम्प्युटरवर टाइप करून दिला. गेली वीसेक वर्षं मी हेच करते बाई, दिवसभर टाइप करते. खराडीत ऑफिस आहे. बरं चाललंय. बाबा निवृत्त झाले, आता त्यांना सगळेच वार सारखे. आई अजून रेडिओ लावते. शाळेत तुमच्या समाजाचं एकही मूल नाही, पण शाळा भरलेली आहे, आणि पटांगणात पाय ठेवायला जागा नसते.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात ते मला उशिरा कळलं, मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी परदेशात होते. परत आल्यावर एका दुपारी दफनभूमीत आले. दोन ताज्या कबरी होत्या, नावाचे दगड अजून बसवलेले नव्हते. रखवालदार म्हणाला, त्या दोन्हींतली एक, विचारून सांगतो. तो गेला तो गेलाच. ऊन फार होतं. एक कबर झाडाखाली होती, दुसरी उघड्यावर. मी झाडाखालच्या कबरीवर तुमच्या रीतीप्रमाणे खडा ठेवला, थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले. ती कुणा दुसऱ्यांची होती, हे मला महिन्याभरात कळलं. तुमची उघड्यावरची. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि मी अजून आलेले नाही.