साहेबाच्या पेटीचे खांब

मंगळवार, ६ डिसेंबर १९३८
यमू, नातीला मी घेते, तू लिही. मी बोलते तसंच, सुधारू नको. सून शिकलेली मिळाली म्हणून ही वही. मला सगळी अक्षरं मुंग्यांसारखी.

तानशाच्या धरणावरच्या बंगल्यावरून गोऱ्या साहेबाची लाकडी पेटी आली, गोणपाटात गुंडाळून. एक पाय मोडलाय, माझ्या गणूकडे दुरुस्तीला. पायांना पंजे. मी म्हटलं वाघाचे. गणू म्हणे, "सिंहाचे, आये." कधी बघितलान सिंह? चार कोपऱ्यांना पन्हळी पाडलेले खांब, झाकण देवळाच्या छपरासारखं उतरतं. मी हात जोडले.

पेटी घेऊन आलेला साहेबाचा खानसामा हसला. "आजी, यात बर्फ घालून साहेब दारूच्या बाटल्या ठेवतो."

जोडलेले हात तसेच नेऊन पदर सारखा केला.

गुरुवार, ८
खानसामा पेटी बघायला आला, त्याला विचारलं, दारूला एवढं देऊळ कशाला? म्हणाला, तिकडं साहेबाच्या मुलखाकडं फार जुन्या काळी दगडी देवळं होती, त्यांच्यावरून सुतारांनी हे घाट उचलले. म्हंजे खांब आधी देवाचेच.

गणू ऐकत होता. दोरीनं मापं घेत होता. गावदेवीची नवी पालखी व्हायचीय, पंच काम कल्याणच्या कारागिराला द्यायच्या बेतात. गणूच्या वाट्याला आजवर नांगर नि गाड्याच. "आये, एकदा तरी देवीचं काम माझ्या हातून..."

सोमवार, १२
पेटी परत गेली, गोणपाटातच. गावात कुणाच्या नजरेस पडली नाय. पंचांना दाखवायला गणूनं तसाच सागाचा खांब केला, हातभर. सुरेख झालाय. नवऱ्याचं कौतुक ऐकून यमू लाजली. तेही लिही.

बुधवार, १४
देवळात पंचांपुढं खांब ठेवला. जो तो हात फिरवून बघतोय. एकाएकी पाटील तडकले, "ह्यो तर साहेबाच्या दारूच्या पेटीचा खांब! देवीला बाटवतोस काय रे?"

गणूचं तोंड उतरलं. नाकारील कसा, खरंच होतं.

मी बायकांतून विचारलं, "पाटील, ती पेटी बंगल्याच्या आतल्या खोलीत असते. तुमी कवा बघितली वो?"

पहिली हसली ती पाटलीणबाई.

मग मी दगडी देवळांचं सांगितलं. देवाचं देवाकडं येतंय, बाटतंय कुठं? पाटील खाली बघून म्हणाले, "मंगळवारी देवीला फुलाचा कौल लावू, उजवं पडलं तर हो. देवी सांगल तसं."

शनिवार, १७
यमू दिवसातून चारदा विचारते, फूल उजवं पडेल ना? मी काय देवीची कारभारीण?

सकाळी पाटलांची गाडी दारात. जुना, सुकलेला साग. गाडीवान म्हणाला, "पाटील बोलले, नुसता ठेवून घ्या. कौल होईस्तवर हात लावू नका."

दुपारी बघते तर ओंडक्यावर खडूच्या रेघा. उरलेल्या तीन खांबांच्या.

"अरे, अजून कौल नाय लागला."

"रेघा पुसता येतात, आये." मग हळूच, "पालखीच्या पायांना सिंहाचे पंजे करू?"

म्हटलं, वाघाचे कर. ते देवीच्या ओळखीचे.