पिवळ्या रेघा

मंगळवार, १९ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. वहिनींनाही सांग. आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही असाल. अण्णांना आता डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. पण गॅरेजमध्ये एखादं इंजिन जरा खडखडलं की पलीकडच्या खोलीतून ओरडतात, म्हणजे उजवा कान दोघांचं काम करतोय. माझी धाकटी परीक्षेत पहिली आली आणि लगेच तापाने आडवी झाली. गॅरेजवरचा पत्रा एकदाचा बदलला.

एवढं लिहून मी उठलो, हात धुऊन आलो. हात स्वच्छच होते.

दादा, ती गाडी आली आहे. वैमानिकांची. हो, तीच.

गेल्या गुरुवारी ट्रकवरून उतरवली. अपघातानंतर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तिची पुढची डावी बाजू नीट करून घेतली आणि मग जी शेडमध्ये झाकून ठेवली ती एकोणीस वर्षं. आता त्यांना ती पुन्हा चालवायची आहे. वय एकाहत्तर, त्याच मोडलेल्या पायासाठी हातात काठी. मला म्हणाले, "सगळी तपासा आणि खरं काय ते सांगा. रस्त्यावर न्यायच्या लायकीची उरली आहे का? माझं विचारू नका, मी नाहीच." आणि स्वतःच हसत सुटले.

टायर दगड झाले होते. रबरी नळ्या बोटांत चुरा होत होत्या. मागे उंदरांचा अख्खा संसार. मी मनात म्हटलं, संपलं हिचं. मग बॉनेट उघडलं, दादा. ते तीन कार्बोरेटर ओळीने उभे, जसे तू बसवले होतेस तसेच. प्लग काढून आत थोडं थोडं तेल सोडलं, एक दिवस मुरू दिलं, मग हाताने इंजिन फिरवून बघितलं. जड होतं, पण कुठेही न अडकता पूर्ण फिरलं. मी तीस वर्षं याच धंद्यात आहे. दिवसाला चार गाड्या बघतो आणि चारही विसरतो. माणसाच्या हातून असं काही घडू शकतं, हे मी विसरूनच गेलो होतो. किती वेळ नुसता बघत उभा होतो कोण जाणे. अण्णांनी चहा प्यायला दोनदा हाक मारली म्हणे.

नंतर गाडी वर घेतली आणि खाली पाठीवर पडून रॉकेलच्या फडक्याने काळं ग्रीस पुसायला लागलो. पुसत गेलो तशा तुझ्या रेघा वर येत गेल्या.

आपली पद्धत तुला काय सांगायची, पण मला ती लिहून काढायची आहे. ज्याने बोल्ट आवळला त्याने त्यावर रंगाची रेघ ओढायची, अर्धी बोल्टवर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. बोल्ट जरा सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. तुझा रंग पिवळा, माझा पांढरा. रेघ ज्याची, जबाबदारी त्याची.

तुझ्या अडतीस सापडल्या. प्रत्येकीवर पाना लावून बघितला. एकही केसभर सरकलेली नाही. माझ्या पांढऱ्या बावीस होत्या, त्यांतल्या तीन सरकल्या होत्या. मला उठावंसंच वाटेना. देवळात बसल्यावर उठवत नाही, तसं झालं.

आता लिहितो. फार गोल गोल फिरलो.

त्या दुपारी तू सुटे भाग आणायला गेला होतास. वैमानिक चारला गाडी न्यायला येणार होते. पुढच्या डाव्या चाकामागचा खालचा बोल्ट मी लावला, नुसता हाताने फिरवून. माझी पांढरी बाटली वाळून गेली होती, म्हणून तुझी घेतली. बाटली हातात होतीच, म्हणून रेघ आधी ओढली आणि आवळायचं शेवटी ठेवलं. तेवढ्यात जेवायला हाक आली. परत आलो तोवर तू आला होतास, आणि बोल्टवर पिवळी रेघ. मी म्हटलं, दादाने केलेलं दिसतंय.

स्वतःच ओढलेल्या रेघेला मी फसलो.

संध्याकाळी, तोच बोल्ट निसटून आपटलेली गाडी ओढून आणल्यावर, अण्णांनी लोखंडावर उरलेली अर्धी पिवळी रेघ आपल्या दोघांना दाखवली, तेव्हा मला एका क्षणात सगळं आठवलं. तू म्हणालास, "रेघ माझी, म्हणजे बोल्टही माझाच. विसरलो असेन." अण्णांनी तुला जा म्हटलं नव्हतं. तू स्वतःच पाना खाली ठेवलास. मी तिथे दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं नाही. त्या दिवशी भीती होती, पुढे लाज, आणि मग सवय.

मागच्या वर्षी वहिनी म्हणाल्या की तू कागदाच्या गोदामातून घरी आलास की दाराची कडी तीन तीनदा ओढून बघतोस. पंक्चरसुद्धा दुसऱ्याकडून काढून घेतोस, स्वतःच्या हाताचा भरवसा नाही म्हणतोस. मी त्यांना म्हटलं, वय झालं की होतं असं. इतका नीच मी आहे.

काल अण्णांना आणि वैमानिकांना एकत्र बसवून सगळं सांगितलं. अण्णांना ऐकू जावं म्हणून ओरडून सांगावं लागलं, तेव्हा अर्ध्या गल्लीलाही कळलं असेल. अण्णांनी मला मारायला हात उचलला. मग तोच हात माझ्या खांद्यावर टेकवून खाली बसले. "त्याला पत्र लिही," म्हणाले. "फोन करू नकोस. फोनवर तू हवापाण्याचं बोलून पळ काढशील."

वैमानिकांनी काठी उचलून मांडीवर आडवी घेतली. मला वाटलं आता पोलिसांचं नाव काढतात. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे बाकीचे ते अडतीस खरोखर त्याचे?"

मी म्हटलं, "हो."

"मग त्याने स्वतःच्या हाताने सगळी गाडी बघितल्याशिवाय मी तिच्यात बसायचा नाही. तुम्ही हात लावू नका. मी थांबतो."

दादा, ये म्हणायचं तोंड मला नाही. हा त्यांचा निरोप आहे. आलास तर मी त्या दिवसापुरता गॅरेजमध्ये नसेन, हवं तर. नाही आलास तरी एवढं खरं धर: तुझा हात चुकला नव्हता. त्या दिवशी नाही, कधीच नाही.

स्वतःची चूक तुझ्या हातावर ठेवून एकोणीस वर्षं निवांत जेवलेला,
तुझा धाकटा भाऊ