साधं पडसं

२ डिसेंबर १९३४, शरणपूर, नाशिक

नोकरी लागली! कोबेहून परतल्यापासून नाशकात उंबरे झिजवत होते. जपानी रेशीम विकणाऱ्या पेढ्यांवर जाऊन सांगितलं, की मला जपानी येतं, इंग्रजी येतं. सगळ्यांनी हसून वाटेला लावलं. दाजी तर विचारायचे, जपानी बोलणार कोणाशी, गोदेतल्या माशांशी? आता बोला म्हणावं!

नवरा कोबेला एका इंग्रज व्यापाऱ्याकडे स्वयंपाकी होता आणि मी त्याच घरची मुलं सांभाळायचे. दोन्ही भाषा कानांवर पडून पडून तोंडात बसल्या. नवरा वारला आणि मी लेकीला, मैनाला, घेऊन परत आले. ती सध्या चांदवडला ताईकडे आहे. इथे जम बसला की तिला आणायचं. तिच्याशिवाय अंथरूण फार मोठं वाटतं.

हार्वे साहेब निवृत्त इंजिनियर, त्यांना फक्त इंग्रजी येतं. त्यांची बायको तोमेबाई, तिला फक्त जपानी. मी दोघांच्या मधे बसून एकाचं दुसऱ्याला सांगायचं, एवढंच काम. नवरा-बायकोला दुभाषी लागावा, याचं मला हसूच आलं.

५ डिसेंबर

आता हसू येत नाही. स्वयंपाकाच्या भागुबाईने सगळं सांगितलं. ती घोटीकडची, बोलायला लागली की थांबत नाही. साहेबांना मुलगी होती, फुमी. लग्नानंतर दोघांचं खुणांवर भागायचं, पुढे फुमी दोन्ही भाषा बोलायला लागली आणि आईबापांनी शिकायचं सोडूनच दिलं. घरातलं सगळं बोलणं त्या पोरीच्या तोंडून. गेल्या पावसाळ्यात घटसर्पाने ती गेली, आणि घरच मुकं झालं.

‘लय गुणाची पोर व्हती,’ भागुबाई डोळे पुसत म्हणाली. ‘त्यांचं वाजलं का ही मधल्या मधी गोड करून सांगायची. डागदरच्या सुईला तेवढी भ्यायची.’

जेवणाच्या मेजाशी दोघांच्या मधे फुमीची वेताची खुर्ची आहे. मला तिच्यावरच बसायला सांगतात. मी अंग चोरून बसते.

११ डिसेंबर

आज तोमेबाईंनी पहिल्यांदाच फुमीचा विषय काढला. म्हणाल्या, घसा दुखू लागला त्याच दिवशी मी डॉक्टर आणायला सांगितलं होतं, तुम्ही का आणला नाहीत? मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. त्यांच्या हातातला कप बशीवर आपटला. ते म्हणाले, फुमी मला म्हणाली, आई म्हणते साधं पडसं आहे.

आजारी तीच आणि निरोप सांगणारीही तीच. सुईच्या भीतीने पोरीने निरोपच बदलला होता. आणि हे आता मी तिच्या आईला सांगायचं!

मी तोंड उघडलं. साहेब म्हणतात, डॉक्टर गावात नव्हता, असं माझ्या तोंडून आलं. हे कोणीच म्हटलं नव्हतं. आवाज माझा होता, ढब लहान मुलीची. तोमेबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच त्यांनी माझे केस सारखे केले.

१५ डिसेंबर

रोज तसंच होतं. त्यांचं कडू माझ्या तोंडून गोड होऊन बाहेर पडतं. दोघं आता हसतात, एकमेकांना वाढतात. खुर्ची सोडून उभी राहिले, तरी तेच. भागुबाई म्हणते, मी फुमीवानी मान वाकडी करते.

साहेबांनी आपणहून विचारलं, तुझ्या मुलीला इथे आणू का? नको म्हणायला गेले. तोंडातून आलं — आणा ना, मला खेळायला कोणीतरी हवं.

१८ डिसेंबर

चिमाजी माळ्याने मैनाला भाड्याच्या मोटारीने आणलं. माझ्या गळ्यात पडली, सोडेचना. तिच्या केसांना ताईच्या घरच्या चुलीचा वास होता. किती रडले मी.

तोमेबाईंनी तिचं अंथरूण फुमीच्या पलंगावर घातलं. तिथे नको, असं म्हणायचं होतं. झोप, असं म्हणाले.

२१ डिसेंबर

मैनाचा घसा दुखतो. अंग तापलंय. आत पांढरं दिसतंय.

भागुबाईने विचारलं, डागदर बोलवू का? मी म्हणाले, नको, साधं पडसं आहे. चक्क मराठीत म्हणाले. मराठी तरी माझी राहील असं वाटलं होतं. आईपरीस कोनाला कळतंय, म्हणत ती चुलीकडे गेली.

२२ डिसेंबर

फक्त या वहीत अजून मी आहे. म्हणून लिहिते — घटसर्प. डॉक्टर आणा. भागुबाईला अक्षरओळख नाही, साहेबांना मराठी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी इंग्रजीत लिहायला घेतलं तर हाताने लिहिलं — साधं पडसं.

तिला उचलून निघाले. दारात पाय थिजले. माझ्या आत कोणी हुंदके देतंय, सुई नको म्हणतंय. फुमी, बाळा, तुला कोणी काही करणार नाही गं. तुझ्या आईचं काय झालं ते बघतेस ना? मला जाऊ दे. माझी ही एकच —

२३ डिसेंबर

मैनाचा श्वास खरखरतो. मला हाक मारते, मी जपानीत उत्तर देते. ती घाबरून बघते.

चिमाजीला मराठी वाचता येतं! खिडकीखालीच आहे, वाफ्याशी. हे पान फाडून त्याच्याकडे टाकायचं. मोठ्या अक्षरात —

चिमाजी, धावत जा. टांगा आण, डॉक्टरला घेऊन ये. माझ्या मैनाला

मैनाला साधं पडसं आहे. डॉक्टर नको. तू झाडांना पाणी घाल. आम्ही दोघी खेळत आ