लोहचुंबकाला न सापडलेला कण

आबा, ज्या मशीननं तुम्हाला दारातून परत पाठवलं, तिच्याच चाकरीत आहे मी आता. दवाखान्यात नाही, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत. एमआरआयच्या चित्रात लोह असलेली जागा काळी दिसते, हे डॉक्टरांना कधीचं ठाऊक आहे. पण तेवढंच लोह पेशीत विखुरलेलं असलं तर काळेपणा वेगळा आणि एका कोपऱ्यात गोळा झालेलं असलं तर वेगळा. मग नुसतं काळं पाहून आत काय आहे हे सांगायचं कसं? म्हणून मी पेशींना लोहाचे अगदी बारीक कण खाऊ घालते, त्यांना हिऱ्याच्या पातळ चकतीवर ठेवते आणि एकेका पेशीभोवतीचं चुंबकत्व मोजते. चकतीवर हिरवा प्रकाश सोडला की ती लाल उजळते, आणि जवळ चुंबकत्व असलं की ती लाली जराशी बदलते. त्या जराशासाठी मी दिवसदिवस अंधाऱ्या खोलीत बसते. बाहेरून एखादा ट्रक गेला तरी आकडे बिघडतात आणि माझं डोकं फिरतं. आई म्हणते, "हिऱ्यावर काम करती म्हनं, अन् कानात बघा, पितळ!" तुम्ही हसला असता.

तुमच्या वर्कशॉपमध्ये मी सुट्टीत डबा घेऊन यायचे. चाकणच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्या ग्राइंडिंग मशीन एकदम चालू असतात, ठिणग्या उडत असतात आणि सगळ्यांचे गॉगल खिळ्याला लटकलेले असतात, कारण घामानं काच धुरकटली की डायलवरची रेघ दिसत नाही. कुणाच्या डोळ्यात कण गेला की तो डॉक्टरकडे जात नाही, तुमच्याकडे येतो. तुम्ही त्याला उजेडाकडे तोंड करून स्टुलावर बसवता, पापणी उलटता आणि खिशातल्या पेनाएवढ्या लोहचुंबकानं कण अलगद उचलता. "झालं राव, उठ. मशीन वाट बघती." तो डोळा चोळत कामाला लागतो. शेडमध्ये तुमचा शब्द म्हणजे तपासणी. चुंबकाला काही लागलं नाही, तर डोळ्यात काही नाही. मीही तेच खरं मानत होते. डबा खाताना तुम्ही ऐटीत सांगायचात, "पोरी, डोळ्याच्या डॉक्टरला चाकणात दुकान लावून न्हाई दिलं आमी."

मग एका सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही चहा कपाच्या शेजारी ओतलात. ओट्यावरून ओघळ खाली आला तरी ओततच होतात. आई ओरडली तेव्हा म्हणालात, "दोन दोन कप दिसत्यात मला." पुढे घास गिळताना ठसका लागायला लागला. चिंचवडच्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला. तिथल्या मुलानं विचारलं, "काका, अंगात कुठं लोखंड, धातू?" तुम्ही ताठ मानेनं म्हणालात, "न्हाई. म्या सोता लावून बघितलंय," आणि खिशातनं लोहचुंबक काढून त्याच्यापुढे धरलंत. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, ते आधी बाहेर ठेवा! काम काय करता तुम्ही?" काम ऐकल्यावर त्यानं डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावला. उजव्या डोळ्याच्या खोबणीत, नजरेच्या नसेजवळ, एक पांढरा ठिपका होता. कधीचा कोण जाणे. मांसात इतका खोल रुतलेला, की तुमच्या चुंबकाचा जोर तिथवर पोचणारच नव्हता. त्या मशीनमधल्या प्रचंड चुंबकाचा मात्र पोचला असता आणि कण जागचा हलला असता तर नस गेली असती. त्यांनी आपल्याला परत पाठवलं. सीटी स्कॅन झाला, पण मेंदूत जिथं संशय होता ती जागा कवटीच्या तळाच्या जाड हाडांपाशी, तिथलं चित्र धड आलं नाही.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कण काढता येईल, पण नजर जाऊ शकते. काढल्यावर एमआरआय करता येईल आणि मग आजार तरी कळेल. मी तुमच्या हातापाया पडले. तुम्ही म्हणालात, "उजवा गेल्यावर मला मशिनीवर कोन उभं करंल? डावा आधीच अधू. तुला शिकवली ती माजा डोळा काढाया का?" दुसऱ्या दिवसापासून डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून तुम्ही कामावर जायला लागलात, कारण एक डोळा झाकला की दोनाचं एक दिसायचं. ते रुमालातलं तोंड मला अजून सहन होत नाही. पुढे पाणीसुद्धा गिळवेना. न्यूमोनिया झाला आणि आजाराला नाव मिळायच्या आधीच तुम्ही गेलात. आबा, मला तुमचा भयंकर राग आला होता. अजून आहे. तुम्ही डोळा वाचवलात आणि आम्हाला काहीच कळू दिलं नाहीत. आणि तरी तुमच्या जागी मी असते तर मीही बहुतेक नाहीच म्हटलं असतं, याचा मला जास्त राग येतो.

परवा एका पेशीचं मोजमाप पहिल्यांदा चोख आलं. पुन्हा मोजलं, तरी तेच. घरी येऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "म्हंजे आता कळंल न्हवं, त्यास्नी काय झालं व्हतं?" मला आधी समजलंच नाही. मग समजलं, की एवढी वर्षं ती याचीच वाट बघतेय. गावाकडं कुणी माझ्या लग्नाचं विचारलं की ती सांगते, पोरगी बापाचा आजार शोधती.

आबा, माझ्याकडे तुमचं काहीच नाही. माझ्या पेशी बाटलीतून विकत येतात, त्या तुमच्या नाहीत, कुणाच्याच नाहीत. तुम्हाला काय झालं होतं हे आता कुणालाच, कुठल्याच मशीनवर कळणार नाही. हे सगळं ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "कळेल आई. थोडा वेळ लागेल." ती उठली आणि तिनं गॅस पुन्हा पेटवला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि घरातही ठेवता येणार नाही. आईला वाचता येतं.